मोठ्यानं मोज

आई, परवा सांगलीत एका नव्या व्यायामशाळेचं उद्घाटन माझ्या हातून झालं आणि मी तिथं भांडून आलो. चारी भिंतींना आरसे, चकचकीत यंत्रं आणि आत पाऊल टाकण्याआधी भरायची फी. मला वाटलं होतं चार गोड शब्द बोलून फीत कापावी. पण माईक हातात आला आणि तोंड सुटलं. म्हणालो, शरीर हे काय श्रीमंताच्या दिवाणखान्यातलं शोभेचं झाड आहे? तुमच्या घरात दोन विटा नाहीत? त्यांच्यावर हात टेकून जोर काढा. पोतं नाही? त्यात नदीची वाळू भरा आणि खांद्यावर घेऊन जिने चढा. पाण्याची कळशी हात ताठ ठेवून समोर धरा आणि शंभर मोजा, मग मला सांगा यंत्र कशाला हवं ते. टाळ्या झाल्या. मालक खाली मान घालून बसला होता. सत्तरी उलटली तरी माझा आवाज अजून मागच्या रांगेपर्यंत जातो, हे मला तेव्हाही जाणवलं आणि बरं वाटलं. पण त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. सगळं तुझं होतं, आपल्या घरामागच्या परड्यातलं. आयुष्यभर व्यासपीठांवरून किती ग्रंथांचे दाखले दिले, तुझा कधी दिला नाही. तुझं सांगायचं म्हटलं की त्याचंही सांगावं लागतं, म्हणून.

तो म्हणजे तुझ्या बहिणीचा मुलगा. लढाई सुरू होती त्या वर्षांत म्हसवडकडून आपल्याकडे आला. त्याची आई गेलेली, पाण्यावाचून मेंढरंही गेलेली. अंगावर एक घोंगडं आणि हातात काठी, एवढंच त्याचं सामान. मी सोळाचा, तो माझ्यापेक्षा वर्षानं मोठा. मला दमा होता. थंडी पडली की छातीत मांजर गुरगुरायची आणि शाळेतली पोरं मला फुटका भाता म्हणायची. त्याच्या छातीत काहीच गुरगुरत नव्हतं. पहिल्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा तू त्याच्या ताटात भाकरी वाढताना त्याच्या खांद्याकडं पाहिलंस, ते मला अजून दिसतं. माझ्या खांद्याकडं तू तसं कधी पाहिलं नव्हतंस.

त्याला फौजेत जायचं होतं. त्याआधी तालमीत अंग कमवावं म्हणून तो गावच्या वस्तादांकडं गेला. वस्तादांनी विचारलं, "खुराक काय हाय तुजा?" तो म्हणाला, "भाकरी." तालीम हसली. तो घरी आला, तेव्हा सगळं काढून घेतलंस तू त्याच्याकडून आणि चुलीपुढून ताडकन उठलीस. "तालमीच्या मातीत काय केशर कालवलंय व्हय? माज्या परड्यात बी मातीच हाय." त्यानं भीत भीत विचारलं, "मावशी, तुला बैठका म्हाईत हायत्या?" तू म्हणालीस, "दिसातनं शंभर बारी या चुलीम्होरं बसती आन उठती, त्याला काय म्हंत्यात रं?" मी हसलो. तुम्ही दोघं हसला नाहीत. तुमचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे परड्यात वाळूचं पोतं आलं, दोन विटा आल्या. आणि आपलं जुनं जातं, ज्याची खालची तळी तडकली होती, त्याची वरची तळी तू गडगडत बाहेर आणलीस. तिच्या भोकात बाभळीचं दांडकं ठोकलंस आणि त्याला म्हणालीस, "उचल." त्यानं उचलली. तुझी सासू, तिची सासू, सगळ्या त्या दगडावर दळून गेल्या होत्या. तो दगड तू त्याच्या हातात दिलास. मी घरचा मुलगा, मी ओसरीवर पांघरूण घेऊन बसलेलो. मला म्हणालीस, "तू हितं बसून मोज."

मोज! आई, तुला काय माहीत या एका शब्दानं मी किती जळलो ते. तो घामानं न्हायचा, मी आकडे म्हणायचा. आणि त्यातही तुझे नियम. धा आकडे एका दमात, मधी थांबलास तर त्याचा ठेका मोडतो. मग पंधरा एका दमात, मग वीस. तू चुलीशी असायचीस तिथून ओरडायचीस, "ऐकू येत न्हाई, मोठ्यानं मोज." पुढच्या आठवड्यात गोठ्यातून, मग विहिरीवरून. पार बाभळीच्या पलीकडं विहीर, आणि तिथूनही तेच, "मोठ्यानं मोज!" मला वाटायचं, हिला बहिणीच्या मुलाची एक बैठकसुद्धा बुडू द्यायची नाही, म्हणून माझ्यावर पहारा आहे. मग मीही डाव काढला. सत्तावीस दोनदा म्हणायचो. एक्केचाळीसही दोनदा. कधी राग फारच आला तर तीनदा. मेंढक्याचा पोर, ह्याला काय कळणार आकडे, असा माझा हिशेब. त्याच्या मांड्या थरथरायच्या आणि मला आतून गार वाटायचं.

एकदा तुम्ही दोघं मळ्यात गेलात तेव्हा मी ती तळी उचलायला गेलो. गुडघ्यापर्यंत आणली, छाती दाटून आली, खोकल्याची उबळ आली आणि दगड हातातून सुटून पायाच्या बोटावर पडला. तू परतलीस तेव्हा मी बोट धरून बसलो होतो. तू जखमेला हळद दाबलीस आणि इतकंच म्हणालीस, "त्या दगडाला हात लावू नगंस. त्यो तुजा न्हवं. तू आपलं मोज." तो शेजारी उभा होता. त्याच्यासमोर म्हणालीस.

मग खंडेनवमी आली. घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा. विळा, कुऱ्हाड, नांगर आपण नेहमीच पुजायचो. त्या वर्षी तू ती तळी धुऊन मांडलीस, तिला हळद लावलीस, कुंकू लावलंस, झेंडूचं फूल ठेवलंस. नारळ त्याला फोडायला लावलास. मग त्याच्या दोन्ही दंडांना हळदीचं बोट लावलंस. मी खांबाला टेकून उभा होतो. माझं पुजण्यासारखं घरात काही नव्हतं. तू जाता जाता माझ्यापाशी थांबलीस आणि बोटाला राहिलेली हळद माझ्या गळ्याला पुसलीस. हो, पुसलीस असंच मी पन्नास वर्षं समजत आलो. बोट कुठंतरी पुसायचं तसं.

साताऱ्याला भरती होती. मी त्याच्या सोबतीला गेलो, तूच पाठवलंस. छातीला फीत लावली, त्यानं श्वास भरला आणि मापणारा शिपाई हसून म्हणाला, "बस बस, फीत तोडतोस काय?" मी रस्त्यापलीकडं उभा होतो. पुढं परदेशातून त्याची पत्रं यायची, कुणाकडून तरी लिहवून घेतलेली, आणि ती सगळ्या आळीला मीच वाचून दाखवायचो, कारण माझा आवाज चांगला. तू पदर सावरून ऐकायचीस, आणि तुझ्या चेहऱ्यावरचं ते सगळं त्याच्यासाठी असायचं, माझ्या आवाजातून.

बेचाळीस साल उजाडलं. गावच्या माळावर सभा भरली, बोलणारे पुढारी आलेच नाहीत, त्यांना वाटेत पकडलं होतं. लोक उठायला लागले. मी दगडावर चढलो. काय बोललो ते आठवत नाही, पण बसलेल्यांपैकी कुणी उठलं नाही आणि उठलेले खाली बसले. तेव्हा कर्णा नव्हता, काही नव्हतं. दमही लागला नाही, हेसुद्धा मला त्या वेळी सुचलं नाही. घरी आलो. तू विहिरीवरून पाणी आणून नुकतीच हंडा उतरवत होतीस. मी वाट पाहत होतो. तू म्हणालीस, "ऐकू आलं." बस्. त्याचं प्रत्येक पत्र तू दोनदा वाचायला लावायचीस, आणि माझ्या पहिल्या भाषणाला दोन शब्द. मी न जेवता निजलो.

तू गेलीस तेव्हा लढाई संपली होती. तो आला, तुला खांदा दिला आणि माणदेशात परत जाताना तळी मागितली. मी घेऊन जा म्हणालो, अगदी सहज. ते सहज म्हणणं अजून डाचतं.

परवा सांगलीत भाषण संपल्यावर तो मागच्या रांगेतून काठी टेकत पुढं आला. नातवाकडं आला होता. म्हणाला, "गड्या, मावशीचं समदं बोललास, नाव तेवढं घेतलं न्हाईस." आम्ही बाहेर चहा घेतला. तो हसत म्हणाला, "सत्तावीस दोनदा म्हनायचास, म्हाईत हाय का? शंभर मेंढरं मोजून वाड्यात घालनारा मानूस मी. मला काय कळत न्हवतं?" मी म्हणालो, मग बोलला का नाहीस. "मावशीला सांगितलं की. ती म्हनाली, म्हनू दे. त्याला जास्तीचा दम लागतोय, तेवढाच त्याचा फायदा. तुजं बी काय वाईट व्हतंय?" मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "खरं सांगू? लय जळायचो मी तुज्यावर. मी हितं दगड उचलतोय आन मावशी तिकडं हिरीवर उभी, कान दिऊन. माज्याकडं बगायची बी न्हाई. मला म्हनली व्हती, तू बैठका काढ बाबा, म्हंजी त्यो मोजंल. त्याची छाती त्यानंच उघडनार हाय. वैद झाले, काढे झाले, आता ह्यो उपाय."

आई, मी आयुष्यभर लोकांना सांगितलं, व्यायामाला काही लागत नाही, फक्त अंग लागतं. माझ्या व्यायामाला तर दगडही लागला नाही. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण पहिल्यांदा जे झालं ते मी तुझ्यापाशी लपवत नाही. हे तू त्याला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. माझं गुपित पन्नास वर्षं माणदेशात त्याच्याजवळ होतं, त्या तळीबरोबर, आणि त्यानं ते एका चहाबरोबर मला दिलं.

निघताना त्यानं विचारलं, "त्या नवमीला तुज्या गळ्याला हळद लावली मावशीनं, तवा काय म्हनली रं? मला दंडाला लावताना कायबी बोलली न्हाई." त्याचे डोळे पोरासारखे झाले होते. मी म्हणालो, "लई काय काय म्हणाली. ते माझ्यापाशीच राहू दे." तो मान हलवून गेला.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. तू काही म्हणाली नव्हतीस, आई. आणि तू चुलीकडं वळताच ती हळद मी सदऱ्याच्या बाहीनं पुसून टाकली होती.