उजव्या रांगेचं औषध

४ डिसेंबर १९६१
अमरावतीहून इंदूरला आले. छत्रीबागेत खोली मिळाली, अस्पताल दहा मिनिटांवर. मेट्रन द्वारकाबाईंनी येताक्षणी पोहे-जिलबी खाऊ घातली. म्हणाल्या, “सुमेधा, अब तू आमचीच.”
मग डॉ. दिवाकरांनी काम समजावलं. बायकांच्या वॉर्डात जखमा चिघळलेल्या वीसजणी. डाव्या रांगेला कुपीवर साधी चिठ्ठी डकवलेलं स्वस्त पेनिसिलीन, उजवीला नावाजलेल्या कंपनीचं महागडं. रोजचा ताप मी लिहायचा. दोन्ही सारखीच निघाली तर गरिबांचं केवढं भलं होईल, म्हणाले. नोकरी फार आवडली.

९ डिसेंबर
नवल आहे. डावी रांग झपाट्याने सुधारतेय. उजवीकडे सातजणींचा ताप हटत नाही. पोलोग्राउंडच्या कारखान्यात पाय चिरडलेली मंगला उजवीकडेच. आज विचारत होती, “ताई, महंगीवाली सुई आहे ना? मग बरी होईन ना?”
हो म्हणाले.

११ डिसेंबर
मंगला गेली. पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. आणखी दोघी गेल्या. तिघीही उजव्या. काल मंगलाला टोचलेली सुई माझ्या डाव्या हाताच्या बोटात घुसली. बोट सुजलंय.

१२ डिसेंबर
ताप १०२. द्वारकाबाईंनी उजव्या रांगेत, मंगलाच्या खाटेवर निजवलं. मला डावीकडचं द्या म्हटलं. ऐकेनात. माझ्या पोरीला सस्तं नाही देणार, म्हणत स्वतः सुई दिली.

१३ डिसेंबर
लाल रेघ कोपरापर्यंत. दुपारच्या सुईची नवी कुपी उशाशी होती. पत्र्याचं झाकण उचकटलं. खालच्या रबराला आधीच भोक. आतली भुकटी पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते, खडूसारखी. खरं औषध काढून घेतलंय कुणीतरी. कुप्या कोठारातून कंपाउंडर कृष्णरावच आणतो—
डॉक्टरांना सांगितलं. दाखवायला उशाशी हात नेला, तर कुपी नाही. शेजारची म्हणाली, कृष्णराव उचलून घेऊन गेला. डॉक्टरांनी कपाळावर हात ठेवला. बुखारात असे भास होतात, म्हणाले.

१४ डिसेंबर
काखेत गाठ. समोर डाव्या रांगेत गंगूबाई उठून दूध पितेय. तिच्या टेबलावर साध्या चिठ्ठीची कुपी. सहा पावलं फक्त. उठले, पडले. द्वारकाबाईंनी पाय खाटेला बांधले. माझ्याच भल्यासाठी—

१५ डिसेंबर
कृष्णराव येऊन सांगून गेला. साध्या चिठ्ठीचं संपलं. आजपासून सगळ्यांनाच भारीतलं. डावी रांग खूश. गंगूबाईने त्याला हात जोडले. ओरडले मी— आवाज फुटत नाही—

संध्याकाळ
द्वारकाबाई येतायत. सुई भरून. रडतायत बिचाऱ्या. “बस बेटा, एकच—”
पाणी गढूळ आहे. बाई, उजेडात धरा, तळाशी बघा, एकदाच ब