ग्रीनलँड राहिलंच

मंगळवार, संध्याकाळ

परत तेच! सगळं जग आजारी पाडलं आणि शेवटी ग्रीनलँड राहिलंच. मोबाईलवरचा हा रोग पसरवायचा गेम ज्यानं बनवलाय, त्याला एकदा भेटायचंय. तिथं विमान जात नाही, जहाज एखादंच. जगात कुठं खोकला सुरू झाला की तिथले लोक बंदर बंद करून मोकळे. मग माझा रोग बसतो हात चोळत.

आणि इथं? नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत शेजारच्या मशीनवरच्याचे डोळे आले, त्याच्यामुळं माझे, माझ्यामुळं सुनीताचे, आज पोरीचेही. काही करावं लागलं नाही. ड्रॉप घालताना सुनीता भडकलीच, "डोळे लालबुंद झालेत, तरी मोबाईल सुटत नाही!" खरंय तिचं. पण ग्रीनलँड अर्धवट सोडून उठायचं कसं?

मग तिनंच कर्जतला माझ्या वडलांना, आप्पांना फोन लावून दिला. आई गेल्यापासून ते शेतातल्या वस्तीवर एकटेच असतात. विचारलं, "आप्पा, तुमचे नाहीत ना आले डोळे?"

आप्पा हसले. "न्हाई रं. गावात लई जनांचे आल्यात. माझे कुठनं येत्याल? हितं येतंय कोन?"

सुनीतानं विचारलं, काय म्हणाले. म्हटलं, ठणठणीत आहेत.

गेम उघडाच होता. नकाशा सगळा लाल, वर ग्रीनलँड तेवढं पांढरं. आता त्याच्यावर चिडायलाही तोंड उरलं नाही.