किल्लीचं की आपोआप चालणारं

बाबा, दहा दिवसांपूर्वी मी घड्याळ घ्यायला गेले होते. तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी घड्याळाच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. दुकानदाराने काचेवर दोन ठेवली. दोन्ही मधल्या किमतीची, दोन्ही बिनसेलची. एकाला रोज किल्ली द्यायची, दुसरं हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारं. मी बघत राहिले आणि आपली ती सकाळ आठवली, जी मी इतकी वर्षं टाळत आले आहे.

माझा हिंजवडीतला पहिला पगार झाला होता. नारायण पेठेतल्या जिन्याखालच्या दुकानात तुम्ही जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत, पण तुमच्या हातात होतं ते कोणीतरी टाकून गेलेलं. मला तुम्हांला नवंकोरं द्यायचं होतं. सेलची घड्याळं आल्यापासून तुमच्याकडे काम उरलं होतं ते लक्ष्मी रोडवरच्या एका मोठ्या दुकानातून यायचं, तिथले मालक नाजूक यंत्रं फक्त तुमच्याकडे धाडायचे. म्हणून त्यांच्याकडेच गेलो. त्यांनीही अशीच दोन समोर ठेवली. तुम्ही किल्लीचं उचललंत, कानाला लावलंत, खाली ठेवलंत, दुसरं बघितलंत, पुन्हा पहिलं. "याची रोज सकाळी विचारपूस करावी लागते," म्हणालात. तुम्हांला तेच हवं होतं. आणि माझी कंपनीची बस चुकत होती.

"बाबा, घ्या ना आपोआप चालणारं. तुमची बोटं किती थरथरतात हल्ली, किल्ली कशी देणार?"

मालकांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी तुमच्या बोटांकडे बघितलं. तुम्ही हात खिशात घातलात. "बरोबर आहे. आपण म्हणाल तसं," तुम्ही मला म्हणालात. स्वतःच्या लेकीला 'आपण'. टोमणा मला कळला, तरी मी पैसे दिले आणि बस गाठली.

त्यानंतर त्या दुकानातून एकही घड्याळ आलं नाही. दोन महिन्यांनी तुम्ही दुकान बंद केलंत आणि आईला सांगितलंत, डोळे थकले. डोळे चांगले होते तुमचे. स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही चष्म्याशिवाय तांदूळ निवडताय, बारीकसा खडाही सुटत नाही, आणि दुसरा हात मांडीखाली दाबून धरलाय, हे मला आजही दिसतं. एकदा मी विचारलं, "दुकान का बंद केलंत?" तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "तुझी बस जाईल. निघ."

आता माझा उजवा हात थरथरतो, बाबा. डॉक्टरांनी तुमच्याच आजाराचं नाव घेतलं, कंपवात. मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये आमच्या टीममधली एक नवी मुलगी काळजीने म्हणाली, "मॅम, तुमचा हात शेक होतोय, आर यू ओके?" सगळ्यांनी बघितलं. तेव्हापासून महत्त्वाची कामं माझ्याकडे यायची थांबली आहेत, आणि पुढे काय होणार हे मी एकदा बघितलेलं आहे. ती मुलगी वाईट नाही. मीही वाईट नव्हते, असं स्वतःला सांगत राहते, ते पुरत नाही. घरी अजून कोणाला माहीत नाही. मला फक्त तुम्हांलाच विचारता येईल असं एक विचारायचंय: हा हात तुम्ही किती दिवस लपवलात? कसा लपवलात? मला जमत नाहीये, बाबा. डबा उघडताना जमत नाही, सही करताना जमत नाही.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, ऑटोमॅटिक घ्या, रोजची कटकट नाही." मी किल्लीचं घेतलं. तुमच्यासाठी घेतेय असं त्या क्षणी वाटलं. पहिले काही दिवस दात आवळून किल्ली दिली.

हा कागद कुठेच जायचा नाही, म्हणून एवढंही लिहिते. घड्याळ बंद पडून आज चौथा दिवस. किल्ली बोटांतून निसटते, आणि नवऱ्याला दे म्हटलं तर का ते सांगावं लागेल. मी ते तसंच घालून बसमध्ये चढते. काल शेजारी बसलेल्या बाईंनी वेळ विचारली. मी मनगटाकडे नीट बघितलं, आणि अंदाजाने सांगितली.