धूळ उडाली नाही

दौंड. गुरुवार, डिसेंबर १९९८.

आज सकाळी बुद्धवंदना करून गोळीबाराच्या रेंजवर गेलो, लाल झेंडा चढवला आणि दुर्बीण घेऊन बसलो. लांब पल्ल्याच्या रायफलीच्या नव्या गोळ्यांची चाचणी होती. दोन गोळ्या टार्गेटला लागल्याच नाहीत. मागच्या मातीच्या बांधातही खूण नाही.

चाचणी घेणारे साहेब म्हणाले, "अलीकडंच जमिनीत गेल्या असतील, हवालदार."

मग धूळ उडाली असती. मी बघत होतो, उडाली नाही.

बांधापलीकडं शेवंतामावशींचा कांद्याचा मळा आहे. दुपारी तिथं जाऊन विचारलं. त्या खुरपता खुरपता म्हणाल्या, "व्हय, डोक्यावरनं भुंगा गेल्यावानी झालं, दोनदा. तुमचाच व्हय? म्या म्हातारीनं काय वाकडं केलंय तुमचं?" आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

साहेबांना सांगितलं. म्हणाले, "उद्या उरलेल्या उडवून रिपोर्ट देऊ. तुमच्या फौजदारकीच्या बढतीची फाईल माझ्याच टेबलावर आहे, एवढं लक्षात ठेवा."

संध्याकाळी पंचशील म्हणताना पहिल्याच, जीवहिंसा न करण्याच्या शीलाला अडखळलो. मी उगाच घाबरतोय का? पण धूळ उडाली नव्हती. मावशी उद्याही खुरपायला येणार.

झेंडा चढल्याशिवाय रेंजवर गोळी सुटत नाही. दुसरा झेंडा हवा तर स्टोअरला कारण लिहून द्यावं लागतं, तेही साहेबांच्या सहीनं. आत्ताच रेंजवरचा झेंडा घरी आणला, आणि वाटेत साहेबांच्या दारात उभं राहून तसं त्यांना सांगूनही आलो.