बाळंतिणीची आंघोळ

कुणकेश्वर, ता. देवगड
१७ एप्रिल २०२५

प्रिय सिद्धेश,

इकडे सगळे बरे आहेत. तू आणि बाळ बरे आहात हे रोज व्हिडिओवर दिसतंच. पण फोनवर तू कॅमेरा लेकीच्या तोंडासमोर धरतोस, आई माझ्या खांद्यावरून डोकावतात आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. कणकवलीची दिव्या सुट्टी संपवून परवा जॉर्जियाला, तुमच्याच तिबिलिसीत, तिच्या मेडिकल कॉलेजात परत चालली आहे. तिच्याकडे हे पत्र, बाळाची झबली आणि तुझ्यासाठी कुळथाचं पीठ देते आहे. पिठी करताना ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात.

बागेत यंदा मोहोर उशिरा आला, त्यामुळे तोड आत्ता कुठे जोरात आहे. वरच्या कलमांवर वानरांनी धुमाकूळ घातला. पेट्या मी स्वतः उभी राहून भरून घेते. गडी विचारतात, "मालक कधी येतले?" मी म्हणते, कागद झाले की. कागद कधी होणार ते मला तरी कोण सांगतंय? डीएनए तपासणीच्या अहवालात तुझ्या नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. अक्षर त्यांनी चुकवायचं आणि परक्या गावात दुधाच्या बाटल्या उकळत बसायचं तू. बाळ झालं की महिन्याभरात घरी, असं म्हणणाऱ्या त्या एजन्सीच्या बाई आता फोन उचलत नाहीत. उचललाच तर "प्रोसेस चालू आहे" एवढंच. मला त्या शब्दाची शिसारी आली आहे.

आता इथलं. आईंनी तुला सांगितलं नसेल.

मी बाळाशिवाय एकटीच परत आले त्या दिवशी शेजारच्या हौसाबाईंनी अंगणातच विचारलं, "चेडू खंय गो?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "कागद व्हायचे आसत, म्हणान बापाशीकडे ठेवून इली. ओली बाळंतीण ती, तिका आधी बसूक दी." झालं. वाडीभर मी बाळंतीण. कोणी अळिवाचे लाडू आणले, कोणी डोक्याला रुमाल बांध म्हणून दटावलं. दोन दिवसांत विसरतील म्हणून मी गप्प राहिले.

सोमवारी शेवंतीकाकी आली. वाडीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घालते ती. आईंनीच तिला बोलावलं होतं. न्हाणीघरात पाणी कढत ठेवलेलं, शेगडीवर ओवा, वाटीत कोमट तेल. काकीनं मला पाटावर बसवलं, पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "दूध येता मा पुरेसा?"

सिद्धेश, मी उठून उभी राहिले. तिला सगळं सांगितलं. की मी बाळंत झालेच नाही, माझी पिशवी लग्नानंतर दोन वर्षांतच काढावी लागली. की इथल्या कायद्यात बसेल अशी, पैसे न घेता तयार होणारी बाई आपल्याला मिळाली नाही, म्हणून आपण एवढ्या लांब गेलो, आणि आपलं बाळ मारियाम नावाच्या बाईनं पोटात वाढवलं.

काकीनं हातावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "बस खाली. तेल गरम केललाच आसा. पेटये उचलून पाठ मोडली आसतली तुजी." आणि तिनं माझी पाठ चोळून दिली.

आई स्वयंपाकघरात नारळ खवत होत्या. काकी गेल्यावर म्हणाल्या, "आता लोक म्हणतले, इकत हाडल्यानी."

"म्हणू देत विकत आणली," मी म्हटलं. राग इतका आला होता की आपण दोघांनी कोणालाच न सांगायचं ठरवलं होतं तेही बोलून गेले. बीजही माझं नाही, दुसऱ्या बाईचं आहे, असं सांगून टाकलं.

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता ओरडतील, नाहीतर रडतील.

"पण चेडू माज्या झिलाचा आसा मा?"

"हो, तुमच्या लेकाचंच."

"मगे झाला," म्हणाल्या आणि पुन्हा खवायला लागल्या.

शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. कारण हेच मी तिकडे ऐकून आले होते. तिथल्या कार्यालयातला तो खिडकीवरचा माणूस म्हणाला होता, "नमुना वडिलांचा. मॅडमची गरज नाही, त्या बाहेर बसू शकतात." तो नियमच सांगत होता, मला कळतं. तू बाळाला घेऊन आत गेलास. मी बाकावर दुधाची बाटली धरून बसले. तुम्ही बाहेर येईपर्यंत ती गार झाली होती.

एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. मी आंब्यासाठी परत आलेले नाही. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली असती, मी अर्जच केला नाही. ती तुझ्या छातीवर गप्प झोपायची आणि माझ्याकडे आली की रडायची. वाटायचं, हिलाही कळलंय माझी गरज नाही ते. मला तिथे श्वास घेववेना. तू हे ओळखलं होतंस, तरी विमानतळावर माझी बॅग उचलून दिलीस. थांब म्हणाला नाहीस. त्याचा मला अजून राग आहे.

इथे आल्यावर सुटेन असं वाटलं होतं. गेल्या आठवड्यात व्हिडिओवर तिचं नाक चोंदलेलं ऐकू आलं, तू "काही नाही" म्हणालास, आणि मी पेट्या तशाच टाकून दिव्याला फोन करत बसले, तुझ्या कॉलेजातल्या डॉक्टरांना विचारून घे म्हणून. त्याच दिवशी व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला. काल नकार आला. कारण दिलेलं नाही, विचारायचं कोणाला तेही लिहिलेलं नाही. मी ते पान कितीदा वाचलं असेल.

म्हणजे तिला तूच आणणार. आईंनी आत्तापासून ठरवून ठेवलंय. मोप्याच्या विमानतळावर गाडी घेऊन त्या आणि हौसाबाई जाणार, मी घरी राहून ओवाळायची तयारी करायची. मी घरी राहणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे. त्या कालपासून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

दारातून बाहेर येशील तेव्हा आई हात पुढे करतील. आजी आहेत त्या, त्यांचा हक्क आहे. पण त्यांना नंतर दे. तिला आधी माझ्याकडे दे. ती रडेल. रडली तरी लगेच परत घेऊ नकोस.

तुम्हा दोघांची,
तेजस्वी