निळे ग्लोव्हज

प्रिय चिंगे,

आई म्हणाली, तू अजून कामावर जात नाहीस. निळे ग्लोव्हज वापरणं चूक होतं असं लिहिलेल्या सेफ्टी मॅडमच्या त्या कागदावर सही करेपर्यंत लॅबमध्ये पाय ठेवायचा नाही असं तुला सांगितलंय, आणि तू हटून बसली आहेस. सोमवारपर्यंत सही झाली नाही तर नोकरी जाणार, हेही तिच्याकडूनच कळलं. माझ्याशी तू यातलं अवाक्षरही बोलली नाहीस. मी तरी गेल्या दोन्ही फोनवर काय बोललो, तर शेजाऱ्यांच्या मांजराला पिल्लं झाली. पिल्लं गोड आहेत, पण त्यासाठी बापाने दोनदा फोन करायचं कारण नव्हतं. जे सांगायचं होतं ते तोंडातून निघेना, म्हणून लिहायला बसलो.

त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा माझ्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल चालू होतं. भोवती कॉलेजची पोरं उभी. रंग उतरवायच्या त्या सॉल्व्हंटला आपले पातळ निळे ग्लोव्हज चालत नाहीत असं नव्या मॅडम म्हणतात, तर खरं काय, असं तू विचारलंस. मॅडमनी दिलेल्या ग्लोव्हजच्या तक्त्यातली ओळ वाचूनही दाखवत होतीस. मी वाचू दिली नाही. फोन स्पीकरवर टाकला, पोरांकडे बघून डोळा मिचकावला आणि म्हणालो की कागदवाल्यांचं कामच घाबरवायचं असतं, माझा जन्म गेला त्या सॉल्व्हंटमध्ये, निळे घाल आणि कामाला लाग. पोरं हसली आणि मला बरं वाटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तू तेच वाक्य जसंच्या तसं नेऊन मॅडमना सगळ्यांसमोर ऐकवलंस आणि काम चालू ठेवलंस. पुढे बोटं लाल होऊन जळजळायला लागली तेव्हा आईला सांगितलंस की साबण बदललाय.

आईने मला एवढंच म्हटलं, एकदा बघा तरी खरं काय आहे ते. मी बघायला बसलो, पण खरं सांगतो, तुझ्या बोटांसाठी नाही. मॅडमना खोटं पाडायला बसलो. पहिल्याच वेबसाइटवर लिहिलं होतं, योग्य ग्लोव्हज वापरावेत. डॉक्टरने ‘योग्य औषध घ्या’ म्हणून फी घ्यावी, तसली ही माहिती. दुसरीकडे एक दुकानदार एकच ग्लोव्ह सगळ्या केमिकल्सना चालतो म्हणून विकत होता. मग एका चर्चेत मला माझ्या मनासारखा माणूस भेटला. त्याने लिहिलं होतं, मी वर्षानुवर्षं हेच निळे वापरतो, मला काहीही झालेलं नाही. वाचून इतका आनंद झाला की आईला हाक मारून दाखवणार होतो. खुर्चीतून उठलोही. मग वाटलं, हा आहे कोण? याचे हात कोणी बघितलेत? आणि आपण पोरीला जे सांगितलं त्यात आणि याच्या बोलण्यात फरक काय? मी परत बसलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, सॉल्व्हंटचे धोके सांगणारी सेफ्टी शीट बघितली. ज्या कंपनीची होती तिचा माल आम्ही कधीच बंद केलाय, आणि ती शीट तुझ्या लग्नाच्या आधीची. तिच्यासमोरून मी रोज बाटल्या काढतो. मग आताच्या बाटलीवरचं नाव बघून त्या कंपनीची ताजी शीट काढली. तिच्यात हातांसाठी वेगळाच, अनेक थरांचा ग्लोव्ह सांगितलाय. तरी मी हटलो नाही. निळे ग्लोव्हज बनवणाऱ्यांचा तक्ता काढला, कारण ते तरी आपल्या मालाची बाजू घेतील असं वाटलं. त्यांनीच आपल्या ग्लोव्हला या सॉल्व्हंटपुढे लाल चौकट दिली आहे. म्हणजे चालत नाही; सॉल्व्हंटला आरपार जायला दोन-तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी त्यांना फोन लावला. पलीकडच्या मुलीने अगदी अदबीने विचारलं, सर, तुमच्या ग्लोव्हची जाडी किती? मला माहीत नव्हती. चिंगे, आयुष्यभर घातले आणि मला त्यांची जाडी माहीत नव्हती. मी खोका शोधून चष्मा लावून वाचेपर्यंत ती बिचारी थांबली.

एवढं होऊनही पडलो तरी नाक वर. वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्ये एका ग्लोव्हच्या बोटात सॉल्व्हंट ओतलं आणि खाली टिपकागद ठेवून ते टांगलं. बोट फुगलं, ओलं झालं आणि कागदावर डाग उतरला. मी तिथेच उभा राहून माझ्या हातांकडे बघितलं. माझ्या बोटांच्या भेगा तुला लहानपणापासून माहीत आहेत. त्या कशाने पडल्या असं कोणी विचारलं की मी साबण म्हणायचो. साबणाचं कारण तू माझ्याकडूनच शिकलीस.

तू शाळेत असताना एकदा विज्ञानाच्या बाईंशी भांडली होतीस, आठवतं? त्यांनी फळ्यावर काहीतरी चुकीचं लिहिलं आणि तू उभी राहून म्हणालीस, माझे बाबा असं म्हणत नाहीत. बाईंनी मला बोलावून घेतलं. मी बरोबर निघालो आणि नंतर कितीतरी दिवस ती गोष्ट लोकांना सांगत फिरलो. त्या वेळी चुकीचा निघालो असतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. बाबांना खोटं पाडून मी सही करणार नाही, असं तू आईला म्हणालीस ना? तिने मला ते भाजी निवडता निवडता सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हासुद्धा माझ्या मनात पहिली पळवाट आली ती अशी की, तुमच्याकडचं सॉल्व्हंट वेगळं असेल, तिला तसं सांगून टाकावं, म्हणजे दोघांचंही राहील. फोन केलास त्या दिवशी तू पाठवलेला बाटलीचा फोटो उघडला. तेच होतं, आमच्या बाटलीवर नाव आहे त्याच कंपनीचं. मला फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आता हे का लिहितोय ते सांगतो. तू हे पत्र वाचून घडी घालून ठेवशील आणि बाबांची अब्रू झाकायला घरीच बसून राहशील, हे मला ठाऊक आहे. माझीच मुलगी तू. म्हणून काल मी तुझ्या मॅडमना एक वेगळं पत्र पाठवलं. त्यात लिहिलंय की त्या दिवशी तुम्हाला ऐकवलेलं वाक्य माझं होतं, तिचं नव्हतं. ते चूक होतं, आणि न बघता, चार पोरांना हसवायला मी ते बोललो. तिने तक्ता वाचायचा प्रयत्न केला होता आणि मी तिला गप्प केलं. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे. ते पत्र तुमच्या लॅबच्या फलकावर लावलंत तरी चालेल, असंही कळवलंय. तेव्हा माझी बाजू घ्यायला आता तुझ्याकडे काही उरलेलं नाही. आधी डॉक्टरांना बोटं दाखव, साबणाचं नाव काढू नकोस, आणि सोमवारी जाऊन सही कर.

तुझाच,
बाबा