यंदा मिरवणूक आमच्या गल्लीतून

४ जून
नगरपालिकेतली कारकुनी संपली. आजपासून शेती. सासूबाईंचा मागचा तुकडा माझ्याकडे. पुढच्या मे महिन्यात शेतकऱ्यांच्या संत इसिद्रोची मिरवणूक आमच्या गल्लीतून. घराच्या दर्शनी भिंतीवर घरचंच पीक टांगायचं, बाजारातलं टांगलं तर नातवंडांपर्यंत बोलणी खावी लागतात. चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत जाहीर केलं : अख्खी भिंत पपयांनी झाकेन. बायको देल्फी म्हणाली, आधी एक तरी लागू दे. बायकांना दूरदृष्टी नसते.

९ जून
सासूबाईंचा सल्ला : एका खड्ड्यात तीन रोपं लावा, फुलं आली की नको ती उपटा. ठीक. वर केळीच्या पानांचं आच्छादन. रासायनिक खत नाही, औषध नाही. निसर्गाला ढवळायचं नाही, हे माझं तत्त्व.

२८ जुलै
वादळ. खचलो नाही. घरातच होतो.

३ नोव्हेंबर
फुलं! हातभर लांब झुपके, झुंबरासारखे. काही झाडं मात्र कर्मदरिद्री, खोडाला चिकटून चार जाड कळ्या, बस्स.

५ नोव्हेंबर
कर्मदरिद्री सगळी उपटली. झुपकेवाली ठेवली. सासूबाई बाजारातून परतल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. डुकरिणीच्या खुराड्याजवळचं एक उरलं होतं, त्याच्यापुढे आडव्या झाल्या. म्हणाल्या, याला हात लावाल तर याद राखा, जावईबापू. म्हातारं माणूस, दया आली. सोडलं.

१२ डिसेंबर
माझ्या नावाची पाटी रंगवली : ‘इसागानीची शेती. सगळं घरचं.’ अक्षर उत्तम आलंय.

२० फेब्रुवारी
झुपकेवाल्यांना फळ नाही. मधमाश्या आळशी. शिवाय शेजारच्या ओनिंगने काल झाडांकडे बोट दाखवलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते गळतं, हे पोरालाही कळतं. त्याला झापलं. देल्फी म्हणाली, फळ होतं कुठे गळायला?

२१ फेब्रुवारी
ओनिंग कुंपणावर येऊन खो खो हसला. झुपकेवाली झाडं म्हणे नर. फळं खोडाला चिकटलेल्या कळ्यांना धरतात. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात : जावयाने बायका उपटल्या आणि नवरे पोसले. मला हे नोव्हेंबरात का नाही सांगितलं? देल्फी म्हणते, आईने जूनमध्येच सांगितलं, तुम्ही झोपला होतात. झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो.

२ मार्च
न्हाव्याने उपाय सांगितला. शेंडा छाटला की नराची मादी होते. सगळ्यांचे छाटले. निसर्गाला थोडी मदत करावीच लागते.

१८ एप्रिल
फुटवे फुटले. फुटव्यांना फुलं आली. लांब झुपके.

१० मे
देल्फी हळूच म्हणाली, पहाटेच शेजारच्या गावच्या बाजारात जाऊन येऊ, कोणाला कळणार नाही. नाही म्हटलं. पायरीवर दिलेला शब्द आहे. मग परसात जाऊन बसलो. खरं सांगायचं तर रडू आलं.

१५ मे
सकाळी उठलो तर भिंत भरलेली. खुराड्याजवळच्या झाडाच्या पपया, सासूबाईंची वांगी, चवळीच्या शेंगा, भोपळे. वरच्या कोपऱ्यात माझे झुपके. खाली पाटी. फादरनी पवित्र पाणी शिंपडून विचारलं, हे कोणाचं? सासूबाई चटकन म्हणाल्या, जावयाचं, फादर, सगळं त्याच्याच हातचं. मी मान डोलावली. वर बघवेना.
मिरवणूक गेल्यावर रिवाजाप्रमाणे लोकांनी हाताला येईल ते नेलं. ओनिंगने दोन पपया नेल्या. संध्याकाळी भिंतीवर उरलं काय? झुपके आणि पाटी.
सासूबाई म्हणाल्या, फुलं टाकू नका, सकाळी डुकरिणीला घाला. तेवढंच तुमचं पीक कामी येईल.

१६ मे
डुकरिणीने हुंगली. खाल्ली नाहीत.